आईला ‘तीन नंबर’ निघाला: विषाणूची जात आणि माणसांची उतरंड

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आई ५८ वर्षांची. १९९४ साली तुमच्या जन्माच्या वेळी रक्तस्राव थांबेना, तेव्हा तिला दोन बाटल्या रक्त चढवलं. यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तपासण्या केल्या आणि हिपॅटायटिस सी, म्हणजे लिव्हरला सूज आणणाऱ्या विषाणूचा आजार, निघाला. पुढे जीनोटाइपही, म्हणजे विषाणूचा प्रकार सांगणारी तपासणी, करून घेतला, तो ३ए आला. धीर मिळावा म्हणून तुम्ही रुग्णांच्या एका आधारगटात गेलात. तिथे एकाने सांगितलं, तीन नंबर सगळ्यांत वाईट. दुसऱ्याने सांगितलं, ३ए म्हणजे नशेच्या सुया टोचून घेणाऱ्यांचा विषाणू. ते वाक्य कुणीतरी घरी पोचवलं. तेव्हापासून बाबा धड बोलत नाहीत, आणि आईने आपलं ताट-वाटी वेगळं काढलंय. गटातही जुंपली आहे. थॅलसेमियाच्या, म्हणजे जन्मापासूनच्या आजारामुळे सतत रक्त चढवावं लागणाऱ्या, मुलांचे पालक म्हणतात, सुईवाल्यांना बाहेर काढा. तुम्ही विचारलंय: तीन खरंच वाईट का, नंबरावरून तो कुठून आला हे कळतं का, आणि या गटात राहायचं की नाही.

मी पुण्यात लिव्हरचा डॉक्टर म्हणून पंचवीस-सव्वीस वर्षं काम करतोय. हेप-सीच्या पेशंटांची एक मासिक बैठक आम्ही इंटरफेरॉन या इंजेक्शनाच्या, म्हणजे गोळ्या यायच्या आधीच्या काळात सुरू केली, ती अजून चालू आहे. त्यामुळे तुमचा तिसरा प्रश्न मला पहिल्या दोघांइतकाच ओळखीचा वाटला. खरं सांगायचं तर तिन्ही प्रश्न एकच आहेत.

मधलाच प्रश्न आधी घेतो, कारण तुमच्या घरात आग तिथून लागली. नाही. ३ए या अक्षरांवरून तुमच्या आईला विषाणू कुठून आला हे कुणीही सांगू शकत नाही. बाबांना हे वाचून दाखवा, माझी हरकत नाही.

हा समज आला कुठून, तेही सांगतो, कारण तो हवेतून आलेला नाही. युरोपात नव्वदच्या दशकात असं दिसलं की ज्यांना जुन्या काळी रक्त चढवलं होतं त्यांच्यात १बी जास्त सापडतो, आणि सुईने नशा करणाऱ्या तरुणांत ३ए आणि १ए जास्त सापडतात. त्या समाजांत त्या काळात ते खरं होतं, कारण तिथे तीन नंबर नशेच्या सुयांच्या साखळीतूनच फोफावला. आपल्याकडे गोष्टच वेगळी. भारतात तीन नंबर हाच सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. रक्तदात्यात तोच, डायलिसिसवाल्यात तोच, थॅलसेमियाच्या पोरांत तोच, गावच्या डॉक्टरकडे तापासाठी सुई घेतलेल्या शेतकऱ्यातही तोच. उत्तरेत तर त्याचंच राज्य. दक्षिणेत आणि आपल्या बाजूला एक नंबरचं प्रमाणही बऱ्यापैकी असतं. कोल्हापुरात कुणी मराठी बोललं म्हणून तो माणूस कुठल्या गल्लीतला हे ओळखता येईल का? तितकाच अर्थ ‘३ए म्हणजे सुईवाला’ या म्हणण्याला.

आता १९९४. हा विषाणू ओळखला गेला १९८९ मध्ये. त्याआधी त्याला धड नावही नव्हतं. ए नाही, बी नाही, अशी कावीळ, एवढंच म्हणायचे. चाचणी पुढच्याच वर्षी आली, पण आपल्या रक्तपेढ्यांत प्रत्येक बाटलीवर ती करण्याची सक्ती यायला या शतकाची सुरुवात उजाडली. त्या काळात पैसे घेऊन रक्त देणारे व्यावसायिक दातेही होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्यावर निकाल दिला आणि १९९८ पासून ती पद्धत बंद झाली. म्हणजे तुमच्या आईला रक्त चढवलं ते वर्ष या दोन्ही दारांच्या अलीकडचं. त्यात भर म्हणून काचेची सिरिंज आठवा. स्टोव्हवर पसरट स्टीलच्या डब्यात पाणी उकळतंय, त्यात दोन सिरिंजा आणि पाच-सहा सुया. गर्दीच्या दिवशी पाणी उकळायच्या आत पुढचा पेशंट बाही वर करून तयार. सुई टोचल्याशिवाय बरं वाटत नाही, ही आपलीच समजूत होती आणि अजून पुरती गेलेली नाही. आईला तो बाटलीतून आला असण्याची शक्यता मला सगळ्यांत जास्त वाटते. पण मी शपथेवर सांगणार नाही, आणि उपचारासाठी ते सांगण्याची गरजही नाही.

विषाणूवरून उगम शोधता येतच नाही का? येतो, पण असा नाही. आयर्लंडचं उदाहरण तुमच्या घरासाठी अगदी लागू आहे. तिथे आरएच-निगेटिव्ह रक्तगटाच्या बायकांना बाळंतपणानंतर, पुढच्या बाळाला त्रास होऊ नये म्हणून, अँटी-डीचं इंजेक्शन देत, आपल्याकडेही देतात. १९७७-७८ मधल्या काही बॅचेस दूषित निघाल्या. ज्या एका बाईच्या प्लाझ्मापासून, म्हणजे रक्तातल्या पातळ भागापासून, त्या बनल्या, तिला स्वतःला कावीळ होऊन गेली होती. हे लोकांसमोर यायला १९९४ उजाडलं. तेव्हा शेकडो आयांच्या शरीरातला विषाणू एकाच मुळाचा, १बी, असल्याचं दिसलं. पण ते सिद्ध झालं ते विषाणूच्या जनुकीय अक्षरांची ओळ ओळीला लावून, आणि कुणाला कुठल्या बॅचचं इंजेक्शन मिळालं याच्या नोंदी हातात होत्या म्हणून. नुसत्या ‘१बी’ या दोन अक्षरांवर कुणी निकाल दिला नाही. तुमच्या लॅबच्या कागदावरचं ‘३ए’ म्हणजे पत्त्यातलं फक्त राज्याचं नाव. घर नंबर त्यात नाही.

याच बायकांबद्दलची दुसरी एक गोष्ट तुमच्या आईला सांगा. संसर्गानंतर सतरा वर्षांनी त्यांच्यातल्या ३७६ जणींची नीट तपासणी झाली, आणि सिऱ्हॉसिस, म्हणजे वणांनी लिव्हर कडक होऊन जाणं, सापडला फक्त २ टक्क्यांत. तरुण वयात लागण झालेल्या, दारू न पिणाऱ्या बाईत हा आजार बहुधा सावकाश पुढे सरकतो. आईला आता तीस वर्षं झाली, शिवाय तिचा नंबर वेगळा, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. पण घरात सगळे ज्या चेहऱ्याने वावरताहेत, तेवढं वाईट काही तिच्या रिपोर्टांत नाही.

मग तीन वाईट का? इथे मला माझीच एक चूक कबूल करायची आहे.

पूर्वी मी पेशंटांना जीनोटाइप समजावताना ‘विषाणूची जात’ म्हणायचो. आंब्याची जात, भाताची जात म्हणतो तसं. हापूस आणि पायरी दोन्ही आंबेच, तसे हे सगळे सी-च. या विषाणूची सगळी जनुकीय ओळ साडेनऊ हजारांवर अक्षरांची, आणि दोन मुख्य प्रकारांत साधारण दर तीन अक्षरांमागे एक वेगळं. फरक लहान नाही. समजवायला शब्द सोपा, म्हणून वापरला. वर उत्साहात बैठकीच्या खोलीत एक तक्ता लावला: कुठल्या जातीला किती आठवडे औषध, किती टक्के बरे होतात. इंटरफेरॉनच्या त्या काळात एक नंबरवाल्यांना ४८ आठवडे इंजेक्शनं, आणि एवढं करून निम्मेही धड बरे व्हायचे नाहीत. दोन-तीनवाल्यांना २४ आठवडे, आणि दहातले सात-आठ सुटायचे.

महिन्या-दोन महिन्यांत मला दिसलं की लोक खोलीत जातीनुसार बसायला लागले. खिडकीकडे दोन-तीनवाले, दाराकडे एकवाले. नवा माणूस आला की नावाआधी ‘कितवा?’ हा प्रश्न. एकवाल्यांची कुजबूज, ‘तुम्हाला काय, सहा महिन्यांत सुटाल.’ मराठीत जात हा शब्द आंब्यापाशी थांबत नाही, हे मला कळायला हवं होतं. तक्ता काढला, शब्द सोडला. खुर्च्या मात्र बरेच दिवस तशाच राहिल्या.

ते ४८ आठवडे काय होते हे आज गोळ्या घेणाऱ्यांना सांगून खरं वाटत नाही. आठवड्याचं इंजेक्शन फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्यामागे, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून स्टीलच्या डब्यात. शनिवारी रात्री टोचायचं, कारण रविवारी सुट्टी. आधी पॅरासिटामॉल घ्यायचं, तरी दोन तासांत हुडहुडी भरायचीच. सोबत रिबाव्हिरिन, त्याने रक्त उतरायचं. जिना चढताना दम. केस गळायचे, जीभ बेचव, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मन. शांत माणसं घरच्यांवर ओरडायची, काही दिवसभर भिंतीकडे बघत बसायची. खर्च लाखांत. एसटीतून निवृत्त झालेले एक काका मला म्हणाले होते, ‘डॉक्टर, मी अठ्ठेचाळीस शनिवार मोजलेत. शेवटच्या शनिवारी पेढे आणले, आणि सहा महिन्यांनी तो परत आला.’

मग गोळ्या आल्या, आणि उतरंड उलटी झाली. सोफोसबुव्हिर अमेरिकेत २०१३ च्या डिसेंबरात मान्य झालं, बारा आठवड्यांचे ८४ हजार डॉलर. गोळीमागे हजार. पुढच्या वर्षी ते बनवणाऱ्या कंपनीने आपल्या इथल्या औषध कंपन्यांना परवाने दिले, आणि २०१५ च्या मार्चपासून भारतात एका महिन्याची डबी वीसेक हजारांच्या आत-बाहेर मिळू लागली. ऑस्ट्रेलियाहून, युरोपातून लोक ती न्यायला यायचे. तास्मानियातले ग्रेग जेफरीज तर स्वतःसाठी चेन्नईत येऊन गोळ्या घेऊन गेले आणि मग जगभरच्या पेशंटांना वाट दाखवत बसले. पण सोफोसबुव्हिरसोबत जी पहिली जोडगोळी आली, लेडिपासव्हिरची, ती एक नंबरवर रामबाण आणि तीनवर लंगडी. बारा आठवड्यांत एकवाले सुटायला लागले. तीनवाल्यांना मात्र रिबाव्हिरिन जोडून चोवीस आठवडे. काल ज्यांचा हेवा व्हायचा त्यांची कीव होऊ लागली. ‘तीन वाईट’ हे तुमच्या गटातलं वाक्य याच दोन-तीन वर्षांतलं. वर्षं गेली, वाक्य राहिलं.

त्यात खरं किती? थोडं आहे. तीन नंबर स्वतःच लिव्हरमध्ये चरबी साठवतो, वजन जास्त नसलं तरी. लिव्हरवर वण तो काहीसा लवकर आणतो, आणि त्याच्या पेशंटांत कॅन्सरचा धोकाही थोडा जास्त दिसतो. सोफोसबुव्हिर-डॅक्लाटासव्हिरच्या बारा आठवड्यांच्या चाचणीत सिऱ्हॉसिस नसलेले तीनवाले ९६ टक्के बरे झाले, सिऱ्हॉसिस असलेले फक्त ६३ टक्के. फरक बघा. तीन नंबर दोघांतही होता. वाट वेगळी केली ती सिऱ्हॉसिसने. पुढे वेल्पाटासव्हिर आलं आणि ती दरीही बरीचशी बुजली. तीन नंबर आणि सिऱ्हॉसिस दोन्ही असलेल्यांतही त्या जोडीने दहातले नऊ बरे झाले. म्हणून आईचा नंबर किती यापेक्षा लिव्हर किती कडक झालंय हे मी आधी विचारतो. ३ए आणि ३बी यांत मात्र फरक आहे. ३बी औषधाला जरा दाद कमी देतो, तो आपल्याकडे सापडतोही. आईचा ए आहे, त्यामुळे तो विषय इथेच सोडतो.

नंबर हे क्रम नव्हेत, हेही गटात सांगा. मुख्य प्रकार आता आठ आहेत. चार नंबर इजिप्तचा. बिल्हार्झिया या जंताच्या रोगावर तिथे दशकानुदशकं सरकारी मोहिमेत इंजेक्शनं दिली, सुया पुरेशा स्वच्छ केल्या नाहीत, आणि देशभर पसरला. म्हणजे उपचार घ्यायला रांगेत उभ्या राहिलेल्यांना झाला. पाच दक्षिण आफ्रिकेकडचा, सहा आग्नेय आशियातला. आठवा नोंदला गेला २०१८ मध्ये, मूळच्या पंजाबातल्या आणि कॅनडात उपचार घेणाऱ्या चार पेशंटांमध्ये. चाराला आठ भारी असं काही नसतं. सिटी बसला नंबर असतो तसा हा.

जाता जाता व्हायरल लोडबद्दल, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्या आकड्याबद्दल. ‘तुझा किती लाख?’ ही गटांतली दुसरी स्पर्धा. लोड जास्त म्हणजे लिव्हर जास्त खराब, असं नसतं. चाळीस लाखवाला ठणठणीत असू शकतो आणि चाळीस हजारवाल्याच्या पोटात पाणी. तो आकडा दोनदा महत्त्वाचा: सुरुवातीला आहे की नाही हे कळायला, आणि शेवटी गेला की नाही हे कळायला.

आता गटाचं भांडण. मला वाटतं तुम्ही याच्याबद्दल जरा लाजत विचारलंय, आजाराचा प्रश्न नाही म्हणून. लाजू नका. औषध सोपं झाल्यापासून माझा निम्मा वेळ यातच जातो.

थॅलसेमियाच्या आईबापांचा राग खोटा नाही. दर तीन आठवड्यांनी मुलाला रक्त लागतं, ते सरकारमान्य पेढीतून घेतलं, आणि त्यातून हा पाहुणा आला. त्यांना हेप-सीवाला म्हटलं की लोक वाकड्या नजरेने बघतात, आणि ती नजर आपल्याकडे सुईवाल्यांमुळे वळते असं त्यांना वाटतं. ‘आमचं लेकरू निर्दोष आहे’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. वाक्य खरंच आहे. पण ते बोललं की दुसरं एक न बोललेलं वाक्य आपोआप खोलीत येऊन बसतं: दोषी कोण? आणि मागच्या रांगेत व्यसनमुक्तीतून आलेला, बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा चपला शोधायला लागतो.

हे फक्त आपल्याकडेच नाही. आयर्लंडने १९९६ मध्ये कायदा करून मोफत उपचाराचं खास कार्ड दिलं, ते त्यांच्या देशात दिलेल्या रक्तातून किंवा रक्तापासूनच्या औषधातून लागण झालेल्यांना. विषाणू तोच, लिव्हर तसंच, पण नशेच्या सुईने झालेला माणूस त्या कार्डाबाहेर. अँटी-डीच्या बायका, रक्त चढवलेले, हिमोफिलियाचे (ज्यांचं रक्त नीट गोठत नाही ते), किडनीचे, अशा चार वेगळ्या संघटना तिथे उभ्या राहिल्या. ब्रिटनमध्ये दूषित रक्ताने ३० हजारांवर माणसांना एचआयव्ही किंवा हेप-सी दिला. त्याच्या चौकशीचा अंतिम अहवाल २०२४ च्या मे महिन्यात आला. त्याच्या बरंच आधी, २००४ पासून, तिथल्या मदतनिधीने हेप-सीवाल्यांना पहिला टप्पा, दुसरा टप्पा असं वाटलं होतं. सिऱ्हॉसिस झाला की दुसरा. विषाणू सुरुवातीलाच आपोआप गेला असेल तर काहीच नाही. एकाच वॉर्डात एकाच बाटल्यांतून बाधित झालेली माणसं फॉर्मच्या रकान्यांमुळे एकमेकांकडे हिशेबाने बघू लागली. सरकारने रकाने पाडले की पेशंटांत भिंती उभ्या राहतात. आपल्याकडे तर भरपाईचा फॉर्मच नाही, तरी भिंत आहे.

आम्ही काय केलं ते सांगतो. ते सगळीकडे चालेलच असं नाही. सामाईक बैठकीत ‘कुठून आला’ हा प्रश्न बंद केला. कुणी स्वतःहून सांगितलं तर ऐकायचं, विचारायचं नाही. आणि थॅलसेमियाच्या पालकांना शेवटचा अर्धा तास त्यांचा स्वतःचा दिला, कारण रक्त, अंगात साठणारं लोह, मुलाची शाळा या त्यांच्या गोष्टी इतरांसमोर बोलून संपत नाहीत. व्यसनमुक्तीच्या पोरांनाही त्यांचा समुपदेशक वेगळा. औषधाचं बोलणं मात्र सगळ्यांसमोर एकदाच. यामागे माझा सरळ स्वार्थ आहे: सुईवाल्या पोराला हाकललं तर तो विषाणू घेऊनच जातो, आणि एका सुईतून पुढे चौघांना देतो. बरा झाला तर साखळी तुटते. शिवाय एकदा बरं झालं म्हणून पुन्हा होत नाही असं नाही. अंगात अँटिबॉडी, म्हणजे विषाणू येऊन गेल्याची रक्तातली खूण, राहते, ती संरक्षण देत नाही. तो परत यायला हवा असेल, तर त्याला दार उघडं दिसायला हवं.

पालकांपैकी एक बाई दोन महिने आल्या नाहीत. तिसऱ्या महिन्यात आल्या, त्या पोराच्या दोन खुर्च्या सोडून बसल्या. तो नशेऐवजी आता बिस्किटांवर जगतो असं काहीतरी म्हणाला, त्या हसल्या नाहीत, पण पर्समधला राजगिऱ्याचा लाडू काढून पुढे केला. मी याला समेट म्हणणार नाही. पुढच्या वेळी त्या पुन्हा चिडल्या होत्या.

आणखी एक ताण आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही: बरे झालेले आणि न झालेले. गोळ्या आल्यावर दर बैठकीला कुणीतरी पेढे आणायचं. एकदा पेढ्यांचा पुडा फिरत फिरत एका बाईंपाशी आला. त्यांचा रिपोर्ट त्याच सकाळी आला होता, बारा आठवड्यांच्या गोळ्यांनंतरही विषाणू होता. त्यांनी पेढा घेतला, अभिनंदन म्हणाल्या, आणि बैठक संपेपर्यंत तो हातातच राहिला. रुमालाला तूप लागलेलं मला दिसत होतं. त्या पुढे वेल्पाटासव्हिर आणि रिबाव्हिरिनवर बऱ्या झाल्या, पण पेढे आम्ही तेव्हापासून बैठक संपल्यावर बाहेर वाटतो. बरे झालेले यायचे बंद होतात, हे तर सगळ्याच गटांचं दुखणं. उरतात ते सिऱ्हॉसिसवाले, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीला जाणारे. मग नव्या माणसाला वाटतं, इथे कुणी बरंच होत नाही. तुमच्या गटात एवढी निराशा का आहे, त्याचं एक कारण हे असू शकतं. ज्यांचं चांगलं झालं ते केव्हाच निघून गेलेत.

डायलिसिसवाल्यांचं दुखणं आणखी निराळं. बरे होऊनही अँटिबॉडी पॉझिटिव्ह दिसते म्हणून त्यांना ‘पॉझिटिव्ह मशीन’वरच बसवतात. किडनीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात हेप-सीसाठी वेगळं मशीन ठेवू नका, हात-ग्लोव्ह-पृष्ठभाग नीट सांभाळा, असंच म्हटलंय. तरी सवय सुटत नाही. यावर कधीतरी वेगळं लिहीन.

आता एक जोडपं, बाबांसाठी. नवरा-बायको दोघेही पॉझिटिव्ह निघाले. त्याचा एक नंबर, तिचा तीन. घरात महिनाभर अबोला: माझा नाही तर कुणाचा? मी त्यांना म्हटलं, अहो, वेगळे नंबर निघाले याचा अर्थ तुम्ही एकमेकांना दिलेलाच नाही. तिचं पित्ताशयाचं जुनं ऑपरेशन, त्याचे गावच्या जत्रेत काढलेले दोन दात. पुरावा नाही, पण तेवढं पुरे होतं. संसारात नवरा-बायकोकडून हा विषाणू क्वचितच एकमेकांना जातो, आणि ताट-वाटी, पाण्याचा पेला, मिठी, पापी यांतून जात नाहीच. आईचं ताट आजच परत मांडणीत ठेवा. वेगळं ठेवायचं ते ब्लेड, दाढीचं सामान, टूथब्रश आणि नखं कापायचं कटर.

उपचाराचं आता थोडक्यात, कारण हा भाग सगळ्यांत सोपा आहे. तुम्ही पाठवलेल्या कागदांत फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी, ९.८ आहे. सिऱ्हॉसिस नाही, पण उंबरठा फार लांब नाही, म्हणून उशीर नको. २०१८ पासून केंद्राच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्ह्याच्या केंद्रांवर, बहुतेक ठिकाणी सिव्हिलमध्ये किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात, तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात. जीनोटाइप त्यासाठी लागतही नाही. पहिल्यांदाच औषध घेणाऱ्याला तो न करता गोळ्या सुरू करतात. ज्या कागदावरून घरात एवढं रामायण झालं, तो करायची गरजच नव्हती. सिऱ्हॉसिस नसेल तर सोफोसबुव्हिर-डॅक्लाटासव्हिर, असेल तर सोफोसबुव्हिर-वेल्पाटासव्हिर, दोन्ही बारा आठवडे. आई सीमेजवळ आहे आणि नंबर तीन आहे, म्हणून मी असतो तर वेल्पाटासव्हिरकडे झुकलो असतो. हे तिथल्या डॉक्टरांना विचारा. नंबर कळल्याचा उपयोग झालाच तर एवढा.

सुरू करण्याआधी आईच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. ॲसिडिटीची रोजची गोळी वेल्पाटासव्हिरचा परिणाम कमी करते. फिटच्या काही गोळ्या आणि टीबीची रिफॅम्पिसिन चालत नाहीत, आणि हृदयाच्या ठोक्यांसाठी ॲमिओडॅरोन असेल तर आधी सांगायलाच हवं. हिपॅटायटिस बी-ची चाचणी झालीय का बघा, कारण सी जाताना लपलेला बी डोकं वर काढू शकतो. तुमच्या कागदांत ती मला दिसली नाही. काविळीची माळ, नाकात थेंब, मुळ्यांचा काढा यांतलं काही सुरू असेल तर बंद करा. हे मी चेष्टेत म्हणत नाही, काढ्यांनी लिव्हर बसलेले पेशंट मी दाखल केलेत.

गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी व्हायरल लोड करायचा. त्यात विषाणू सापडला नाही म्हणजे बरं झालं. तो कागद जपून ठेवा, लॅमिनेट करा. पुढे कुठल्याही ऑपरेशनआधी अँटिबॉडी पुन्हा पॉझिटिव्हच येणार, तेव्हा तोच दाखवायचा. ९.८ मुळे मी बरं झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवायला सांगेन.

गटात राहायचं का? निदान बारा आठवडे राहा, आणि आई बरी झाली की एकदा जाऊन ते तिथे सांगून या. बाहेर पडलात तरी मी दोष देणार नाही.

आणि एक राहिलं. तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ १९९८ चा. तुम्ही स्वतः रक्त चढवण्याआधी जन्मलात, तो नंतर. आईकडून बाळाला हा विषाणू शंभरात पाच-सहा वेळा जातो. म्हणजे बहुधा त्याला नसेल, पण त्याची अँटिबॉडी चाचणी करून घ्याच. बाबांची आणि तुमचीही त्याच दिवशी उरकून टाका. उपाशी पोटी जायची गरज नाही.